कढीत हळद घालण्याबाबत

मी, कुमुदिनी भगवंतराव अढाऊ, वय चौऱ्याहत्तर, राहणार राजापेठ, अमरावती, हे मृत्युपत्र एका कढीमुळे लिहीत आहे. आजारी नाही. साखर थोडी वाढलेली असते, पावसाळ्यात गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. कोणी मला लिहायला लावलेले नाही. उलट लिहू नये म्हणून दोघांनी समजावून पाहिले. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. गीतांजली यांनी तपासून दिला आहे, तो सोबत जोडला आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही.

कारण असे. आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठागौरी, बसतात, आणि सासरच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या नैवेद्याच्या कढीत हळद घालत नाहीत. यंदा माझी सून प्रणाली हिने घातली. मुद्दाम नाही. पहाटेपासून ओल्या साडीत चुलीपुढे उभी होती, मोर्शीला आईच्या हाताखाली शिकलेला हात सवयीने चालला. माझे दीर जानराव यांनी ताटात पिवळी वाटी पाहिली आणि नैवेद्य थांबवला. कढी मोरीत ओतली गेली, दुसरी झाली, आरती झाली. मला वाटले, प्रकरण संपले.

पाच दिवसांनी माझा मुलगा अमोल राजापेठेच्या चौकात गाडीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. जानरावभाऊजी अकोटजवळच्या आमच्या गावाहून दवाखान्यात आले. अमोलच्या पायाकडे न पाहता प्रणालीकडे पाहून म्हणाले, "सांगतलं होतं म्या. घरात एक शालू झाली, आता हे दुसरी." मग माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमी आहा तवर तुमचं चालवा. तुमच्या मांगं महालक्ष्म्या माह्या घरी येतीन. मंग पाहू, कोन हयद टाकते."

म्हणजे माझ्यामागे काय व्हायचे ते ठरून गेले होते, तेही माझ्यासमोर, थर्मासमधला माझाच चहा पिता पिता. ते ठरवणे माझे काम आहे. म्हणून हा कागद.

वकिलांनी पहिला मसुदा वाचून चष्मा काढला. म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात कढी येत नाही." मी म्हटले, "घर ज्याच्यावरून फुटते ते येते ना? मग लिहा." त्यांनी लिहिले नाही, म्हणून मी स्वतः लिहिले. मी बी.ए. आहे आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून निवृत्त होईपर्यंत नोटिसाच लिहीत आले. माझी नोटीस कोणाला समजली नाही, असे एकदाही झालेले नाही.

एक. घर

राजापेठेतील दुमजली घर माझ्या आणि यजमानांच्या पगारातून उभे राहिले. यजमान भगवंतराव गेल्यावर दोन्ही मुलांनी हक्कसोड लिहून दिली आणि ते माझ्या एकटीच्या नावे झाले. माझ्यामागे ते अमोल आणि प्रणाली यांना निम्मे-निम्मे. दोघांचीही नावे लागतील. अमोल म्हणाला, "आई, नवऱ्याचं ते बायकोचंच असतं ना." असेल, तर कागदावर यायला हरकत नसावी.

हे कलम पहिले का, तेही सांगते. दवाखान्यातून घरी आल्यावर भाऊबंदांची बैठक बसली. ठरले असे की, प्रणालीने महालक्ष्म्यांपुढे नारळ ठेवून माफी मागावी आणि पुढच्या भाद्रपदापर्यंत माहेरी राहावे. अमोल पलंगावरून म्हणाला, "एक नारळ ठेवायला काय जातं?"

प्रणाली म्हणाली, "नारळ ठेवीन. माफी कशाची मागू? कढीची की पायाची? पायाची मागायची असेल तर त्या चौकातल्या खड्ड्याला बोलवा."

मग तिने बॅग भरली. मी विचारले, "तू कुठे?" म्हणाली, "मोर्शीला. आई, यांनी पाठवायच्या आत मीच जाते. पाठवलेली बाई परत येत नाही, गेलेली येऊ शकते."

हे वाक्य मी विसरणार नाही. यापुढे प्रणालीला या घरातून जा म्हणायचे असेल, त्याने आधी निम्म्या घराच्या मालकिणीची परवानगी घ्यावी. ती मालकीण तीच असेल.

प्लास्टर निघाल्यावर अमोल तिला आणायला मोर्शीला गेला. मी त्याला गाडी दिली नाही. कुबडी घेऊन एसटीने गेला, दिवाळीच्या गर्दीत, उभ्याने. तिकडे काय बोलणे झाले ते मी विचारलेले नाही. दोघे परत आले एवढे मला पुरे.

दोन. बचत आणि सोने

बँकेतील ठेवी आणि माझे दागिने मुलगी सीमा हिला. अकोल्यात तिचे सगळे नीट चालले आहे, तरी तिलाच. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती माझ्यासारखीच चिवट आहे आणि तिला फोनवर रडून वळवता येत नाही. महालक्ष्म्या लेकीकडे जात नाहीत, असा आपल्यात नेम आहे. मी तो मोडून तिला विचारले होते. म्हणाली, "आई, मला सासरच्याच पुरे झाल्यात, तू आणखी दोन नको पाठवू." तेव्हा तो प्रश्न मिटला.

तीन. शेती

माझ्या वाट्याची अकोट तालुक्यातली शेती शालू देवमन अढाऊ हिला द्यावी. गट क्रमांक आणि चतुःसीमा शेवटी जोडल्या आहेत. अमोलला तूर आणि सोयाबीन शेंगा लागेपर्यंत वेगळे ओळखू येत नाही, त्यामुळे त्याचे नुकसान नाही. सीमा तर माझ्याआधी म्हणाली, "शालूकाकूलाच दे."

शालू कोण, हे तरुण मंडळींना माहीत नाही. त्यांना फक्त 'पिवयी' हे नाव माहीत आहे, आणि ते एखाद्या हडळीचे असावे असे त्यांना वाटते. ती माझी धाकटी जाऊ. तीन भावांत यजमान थोरले, मग जानराव, आणि देवमन शेंडेफळ. देवमनची ती बायको. १९८९ साली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, गावच्या घरी तिने नैवेद्याची कढी केली, ती पिवळी. सासूबाई पार्वताबाईंनी ओतून दिली आणि दुसरी करवून घेतली. पुढच्याच आठवड्यात देवमन विहिरीवर मोटर सुरू करायला गेले आणि स्टार्टरला चिकटले.

तेरवीच्या पंगतीत कोणीतरी म्हणाले, "पिवयी कढी भोवली." दिवस मावळेपर्यंत ते गावभर झाले. मी तिथेच उभी राहून बोलले होते की कढीने माणूस मरत नाही, विजेने मरतो. सासूबाई म्हणाल्या, "शिकल्या बाईनं मधात बोलू नये." घरच्यांनी शालूला तिच्या माहेरी पोचवले. ती बावीस वर्षांची होती.

भावजयीने थोडे दिवस ठेवून घेतले, मग तिथूनही वाट दाखवली. मी तिला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात घेतले आणि मागची खोली दिली. काही वर्षांनी हातात पैसा आल्यावर तिने अकोटला हळद-तिखट दळायची चक्की घातली. मी म्हटले, "पिठाची घाल. हळदच कशाला?"

"बाई, ज्याच्यापायी घरातून निंगाली, त्याच्यावरच पोट भरीन."

आज अर्धे अकोट तिच्याकडची हळद खाते. जानरावभाऊजींच्या घरीही तीच येते. त्यांची सून हळकुंडे दुसऱ्याच्या नावाने दळायला पाठवते. भाऊजींना हे या कागदावरून कळेल. सुनेला बोलू नये. हळद चांगली आहे म्हणून नेते.

चार. महालक्ष्म्या

पितळी मुखवटे, त्यांची बाळे, धडाच्या कोठ्या आणि सगळा सरंजाम पार्वताबाईंनी शेवटच्या आजारपणात, थोरली सून म्हणून, माझ्या ओटीत घातला. ओटीत पडलेली वस्तू बाईची असते, यावर निदान भाऊबंदांचे दुमत नसावे. ती मी कोणाला देत आहे हे सांगण्याआधी पांढऱ्या कढीची हकीकत नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

वसतिगृहातल्या मुलींना मी सांगत असे, नियम मोडायचा असेल तर आधी तो कोणी केला आणि का, हे विचारून या. (उत्तर बहुधा माझ्याकडेच मिळे.) दसऱ्यानंतर मला वाटले, हे आपणही करावे. माझ्या सासऱ्यांची बहीण अनसूयाबाई हयात आहेत, नव्वदीच्या आहेत. जन्म बुऱ्हाणपूरला सासरी गेला, आता नातवाकडे अकोल्यात असतात. कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. मी त्यांच्याकडे गेले आणि विचारले, "आत्याबाई, आपल्या घरी महालक्ष्मीच्या कढीत हळद का घालत नाहीत?"

"कोन म्हंते?"

"सगळेच म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय म्हणतात."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग अशा हसू लागल्या की नातसून पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

"अवं सूनबाई, हयद सरली होती!"

मग त्यांनी सांगितले. त्या परकरात होत्या. थोरल्या बहिणीला पाहायला इलिचपूरचे पाहुणे नेमके महालक्ष्म्यांच्या जेवणाला आले होते.

"मायनं कढीच्या वक्ताले डबा उघडला त हयद नाही. मले म्हने, पोरी, पयत जाय दुकानात. म्या निंगाली. रस्त्यात बहुरूपी! पोलीस बनून आलता. मिश्या, दंडुका, सारं. ज्याले त्याले म्हने, चाल, तुह्यावर वारंट हाये. म्या त्याच्या मांगं मांगं साऱ्या गावात फिरली. घरी आली त पंगत उठली होती."

"आणि कढी?"

"पांढरीच वाढली, काय करतीन? पाव्हन्यानं इचारलं, कढी अशी काहून? मायनं पदर सावरला न् म्हने, आमच्या घरी महालक्ष्मीले पांढरीच लागते. पाव्हना लय खूश. म्हने, घरानं जुनं दिसते. जमलं ना मोठीचं!"

"मग पुढच्या वर्षी घालायची."

"पुढच्या सालीबी थेच आलते ना वं, व्याही होऊन! कशी टाकते हयद? अन् मंग तुही सासू आली सून होऊन. सुनेले मायनं सांगतलं, आपल्यात असंच आहे. सुनेले कोन सांगते, हयद सरली होती म्हनून?"

असा हा आमचा कुळाचार. सासूबाईंनी तो खरा मानून पाळला, त्यांना मी दोष देत नाही. मीही पांढरीच कढी करत आले. चवीला ती बरी लागते.

मग मी आत्याबाईंना शालूचे सांगितले. बुऱ्हाणपूरला त्यांना फक्त 'देवमन शॉक लागून गेला' एवढाच निरोप पोचला होता. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"कढीपायी काढली पोरीले?"

"हो."

"मले अकोटले ने. आजच."

सीमाने गाडी केली. चक्कीवर पोत्यावर बसून आत्याबाईंनी सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी न हसता. शालू चाळणी हातात घेऊन ऐकत होती. झाल्यावर तिने विचारले, "आत्याबाई, बहुरूपी चांगला होता का?"

"लय चांगला, बाई. खराच पोलीस वाटे."

"मंग ठीक आहे. निदान चांगल्या बहुरूप्यापायी गेलं माह्यं घर."

तिने बाहीने तोंड पुसले. बाही हळदीची होती, तोंड पिवळे झाले.

मी तिथेच तिला म्हटले, महालक्ष्म्या तू घे. ती म्हणाली, "मले देव काय करायचे? मी इधवा बाई."

"मीही आहे."

"तुमाले लावू देतात का कुंकू?"

प्रश्न बरोबर होता. यजमान गेल्यापासून सोळा भाज्या, पुरण, आंबील, फुलोरा, सगळे माझ्या हातचे. पण मुखवट्यांना कुंकू लावायला जानरावभाऊजींच्या घरून बाई यायची आणि मी दारात उभी राहायची. माझ्या हातचे जेवण देवाला चालते, बोट चालत नाही. एवढी वर्षे मी याकडे कामाच्या रगाड्यात पाहिले नव्हते. शालूने पाहायला लावले.

मी म्हटले, "पुढच्या भाद्रपदात आपण दोघी लावू. बघू कोण हात धरतं."

शालूने विचार केला आणि आपल्या अटी सांगितल्या. त्या जशाच्या तशा लिहिते. "ज्या पंगतीत मले पिवयी म्हनलं, थे पंगत माह्या घरी बसली पायजे. जानरावभाऊजी पहिल्या पाटावर. कढी म्या करीन, अन् हयद तुमची सून टाकीन."

मला अटी मान्य आहेत. प्रणालीलाही आहेत. तेव्हा महालक्ष्म्या शालूकडे जातील, आणि तिच्यामागे प्रणालीकडे. मात्र एवढ्यासाठी मी मरेपर्यंत वाट पाहण्याचे कारण दिसत नाही. हा ऐवज मी हयातीतच सोपवत आहे. त्याची नोंद या कागदाच्या शेवटी असेल.

पाच. जानरावभाऊजी

त्याच दिवशी आम्ही गावी त्यांच्या ओसरीवर गेलो. पाठीमागे बोलणे मला आवडत नाही. आत्याबाईंनी तिसऱ्यांदा सांगितले.

भाऊजी म्हणाले, "आत्या, या वयात मानसाले काहीबी आठवते."

"जान्या, तुह्या चड्डीची नाडी म्या बांदून देत होती, थेबी आठवते. सांगू का गाव गोया करून?"

ओसरीवरची पोरे हसली. भाऊजी हसले नाहीत. म्हणाले, "मंग देवमन कायनं गेला?"

मी म्हटले, "स्टार्टरनं, भाऊजी. तुम्हाला माहीत आहे."

"मालूम आहे," ते म्हणाले. "झटका मारे थो. दुरुस्तीले न्याचा होता. म्या म्हनलं होतं देवमनले, सोमवारी नेतो." आणि उठून गोठ्यात गेले. आम्ही निघालो तरी बाहेर आले नाहीत.

त्या दिवशी मला त्यांचे पहिल्यांदा समजले. कढी पिवळी असली की सोमवारचा विचार करावा लागत नाही. मी हे त्यांना दुखवायला लिहीत नाही. भाऊ गेला तेव्हा ते स्वतः चाळिशीच्या आतले होते, आणि तो सोमवार ते कसा उचलत आले असतील ते त्यांनाच ठाऊक. पण तो शालूच्या डोक्यावर ठेवला गेला. आता तो प्रणालीच्या डोक्यावर ठेवू देणार नाही. त्यांची इच्छा असेल तर त्यांनी तो खाली ठेवावा. कोणी उचलायला सांगणार नाही.

यजमानांचा शिसवी पाट भाऊजींना द्यावा. पहिल्या पाटाचा मान त्यांचा होता आणि राहील. तो मान बसण्याचा आहे, पंगतीत निकाल देण्याचा नाही. त्यांना कढी पांढरी हवी असल्यास वाटीभर वेगळी काढून ठेवावी. शालूने हे कुरकुरत मान्य केले आहे.

सहा. पुढे काय पाळायचे

परंपरा मोडा असे मी कुठेही लिहिलेले नाही, तसा अर्थ कोणी काढू नये. सूनमुखापासून आजपर्यंत मी जे शिकले त्यातले अर्धे महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत शिकले. दहा घरच्या बायका एका चुलीभोवती न भांडता कशा राबतात, सोळा भाज्यांत कोणती आधी टाकायची, लोखंडी कोठीवर नऊवारी नेसवून तिला बाईची ऐट कशी आणायची, हे मला कॉलेजात कोणी शिकवले नाही. दारातून मुखवटे आणताना ताट वाजवत घरभर फिरवतात आणि एकीने विचारायचे, "महालक्ष्मी आली कशाच्या पावलांनी?" दुसरीने म्हणायचे, "सोन्याच्या पावलांनी." सीमा लहानपणी ओरडायची, "चपलांच्या!" हे सगळे चालू राहावे. सीमाची ओळसुद्धा.

सुटीत घरी जाऊ न शकलेल्या वसतिगृहातल्या मुली दर वर्षी माझ्याकडे महालक्ष्म्यांना जेवत. कोणी मेळघाटातली, कोणी दूर गडचिरोलीकडची. जात मी दाखल्यावर वाचत असे, पंगतीत नाही. एकदा भाऊजींनी विचारले, "ह्या कोन्या घरच्या?" मी म्हटले, "महालक्ष्म्या कोण्या घरच्या आहेत? त्याही पाहुण्याच." ज्या डॉ. गीतांजलींनी माझ्या शुद्धीचा दाखला दिला त्या याच पंगतीत पहिली पुरणपोळी खाऊन मोठ्या झाल्या. शालूने अकोटच्या वसतिगृहातून चार मुली बोलवाव्यात. घर भरायला तेवढ्याने होते.

ओल्या साडीत स्वयंपाक बंद. नैवेद्य होईपर्यंत पोटुशी बाई किंवा म्हातारे माणूस उपाशी राहणार नाही. कुंकू ज्या बाईला लावायचे असेल ती लावेल.

कढीबद्दल नियम एकच. जी करेल तिने ठरवावे. जो करेल त्यानेही. अमोलचा पाय आता बरा आहे.

आणि नवा नियम करायचा झाल्यास सोबत कारण सांगावे. 'आपल्यात असंच असते' हे कारण नव्हे. हळद संपली असेल तर हळद संपली म्हणावे. व्याह्यांसमोरही.

सात. किरकोळ

पुरणाचे यंत्र, मोठे गंज, पराती आणि झारे प्रणालीला. पाटा-वरवंटा तिला देऊ नये. पाट्यावर वाटलेल्या पुरणाची चव काही वेगळीच, असे म्हणणारे जे पुरुष आपल्या नात्यात आहेत त्यांच्यापैकी जो पहिला म्हणेल त्याला तो पोचता करावा, घरपोच.

निवृत्तीच्या वेळी वसतिगृहाने दिलेली पितळी घंटा अमोलला. सकाळी उठण्यासाठी. माझी पुस्तके त्याच वसतिगृहाला, कपाटासह, कारण कपाटाशिवाय पुस्तके दिली की ती माळ्यावर जातात.

माझ्या तेरवीला एकच पंगत. मोठेपणासाठी गाव जेवू घालू नये. जेवणात कढी असावी. रंग सांगायची गरज नाही.

वरील सर्व मी स्वतःच्या अक्षरात लिहिले, दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले आणि मगच सही केली. आत्याबाईंनी मध्ये एके ठिकाणी दुरुस्ती सांगितली. बहुरूप्याच्या मिश्या खऱ्या होत्या, लावलेल्या नव्हत्या, असे त्यांना आता आठवते. मजकुरात बदल केलेला नाही.

सही: कुमुदिनी भगवंतराव अढाऊ

साक्षीदार
१. अनसूयाबाई, राहणार अकोला, सध्या मुक्काम राजापेठ. डाव्या हाताचा अंगठा. (सही येते, पण "अंगठा कोनी खोटा म्हनू शकत नाही" असे म्हणाल्या.)
२. डॉ. गीतांजली, राहणार अमरावती. सही.

ठिकाण: राजापेठ, अमरावती
सोमवार, दिनांक २४ नोव्हेंबर २०२५

सोपवणुकीची नोंद
अकोट, रविवार, दिनांक ३० नोव्हेंबर २०२५

शालू देवमन अढाऊ हिच्या राहत्या घरी, सीमा, अमोल व प्रणाली यांच्या उपस्थितीत पुढील ऐवज हाती दिला. पितळी मुखवटे दोन, ज्येष्ठेच्या नाकाला जुना चरा आहे. बाळे दोन. लोखंडी कोठ्या दोन. नऊवारी पातळे, एक हिरवे, एक लाल. पितळी समया दोन. कढीचा गंज एक, आतून कल्हई नवी. पळी एक. हळदीचा डबा एक, काठोकाठ भरलेला.

जानरावभाऊजींना निरोप आणि सोबत या कागदाची नक्कल पाठवली होती. ते आले नाहीत. दुपारी त्यांच्या सुनेकडून हळकुंडांचे एक पोते दळायला आले. पोत्यावर शाईने नाव होते, जानराव अढाऊ. अक्षर त्यांचेच आहे, मी ओळखते.

देणार: कुमुदिनी भगवंतराव अढाऊ

घेणार, स्वतःच्या अक्षरात:

सारं भेटलं. हयदीचा डबा वापस देत आहे. माह्या घरी हयद सरत नाही.
शालू देवमन अढाऊ